डावी बाजू

बांबूचं टोक डोमाच्या गालाला लागलं.

म्हटलं तर एवढंच झालं. चांद्याच्या गोल बाजारात सुटीच्या दिवसाची गर्दी होती, बांबूंनी लादलेली एक हातगाडी वळत होती, मागे बाहेर आलेले बांबू वळणाबरोबर फिरले आणि त्यातल्या एकाचं टोक कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या डाव्या गालावरून घासत गेलं. गाडीवाला ‘बाजू, बाजू!’ म्हणून ओरडला, तोही लागून गेल्यावर. त्या माणसानं गालावरून हात फिरवला, बोटांकडे पाहिलं आणि गाडीवाल्याला हातानंच ‘जा’ असं केलं. कुणी थांबलं नाही. शेजारचा भांडीवाला आपली पितळी गुंडी वाजवून दाखवत होता, तो वाजवत राहिला. फक्त पलीकडे पानठेल्यापाशी उभा असलेला शालिकराम, हातातला विडा तोंडाकडे नेता नेता, तसाच थांबला. कारण तो माणूस डोमा होता आणि डोमाला कधी काही लागत नसे. माजरीच्या कोळसाखाणीवर लहानथोरांना ते ठाऊक होतं. पाऊस सगळ्यांना लागतो तेवढाच डोमाला लागतो, बाकी काही नाही, असं लोक थट्टेनं म्हणत. आणि बांबू तर किती हळू आला होता. एखादं म्हातारं माणूससुद्धा मान बाजूला करून मोकळं झालं असतं. डोमाची मान हललीच नव्हती. बांबू गालापर्यंत येईतो त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, बांबू जगात नसल्यासारखं. एवढ्यात मिरच्यांच्या ढिगाकडून त्याची बायको वच्छला लगबगीनं आली. नवऱ्याच्या पाठीमागून वळसा घालून ती त्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि दोघं चालू लागली. शालिकरामला वाटलं, आपण हे यापूर्वी कितीदा तरी पाहिलंय. खाणीच्या बॉक्सिंग क्लबाकडे येताना, दवाखान्याच्या रस्त्यानं जाताना ती नेहमी याच बाजूला असते. विडा त्याच्या हातातच चुरगळला. त्याच्या पोटात काहीतरी थंड सरकलं, आणि त्या थंडपणाच्या बुडाशी, अगदी बुडाशी, थोडा आनंद होता. तो आनंद ओळखू आला तेव्हा त्याला स्वतःचीच किळस आली.

माजरीकडे परतणाऱ्या गाडीत तो दाराशी उभा राहिला. बसला असता तर कुणी बोलायला लागलं असतं. सव्वीस जानेवारी तोंडावर आली होती. दरवर्षी त्या दिवशी मैदानावर रिंग उभी राही, आणि शेवटची लढत हेवीवेटची, म्हणजे डोमाची आणि ज्याला उभं राहायची हिंमत होईल त्याची. गेली काही वर्षं तो दुसरा माणूस शालिकरामच होता. दरवर्षी तो मारत असे आणि दरवर्षी त्याचा ठोसा तिथे पोचेपर्यंत तिथे कुणी नसे. वैनगंगेकाठी मासे धरणाऱ्या ढिवरांच्या घरात शालिकराम जन्मला. त्याच्या वयाची पोरं अंगानं काटक, हा मात्र दाराच्या चौकटीला डोकं आपटून घेणारा. उन्हाळ्यात बोडीतलं, गावच्या लहान तळ्यातलं, पाणी आटलं की बाप त्याला चिखलात उतरवायचा, मरळ धरायला. मरळ दिसायची, हात घातला की हातात चिखल. बाप काठावरून हसायचा, ‘अबे, तू मासोळी आहे तिथी हात घालून राह्यला. ती जाणार आहे तिथी घाल ना.’ मामाच्या मागोमाग खाणीवर कोळसा भरायला आल्यावर, क्लबाच्या टिनाच्या शेडमध्ये पहिल्यांदा डोमासमोर उभा राहिला तेव्हा त्याला तो चिखलच आठवला होता. डोमा तेव्हा शेडच्या मधल्या सागवानी खांबाला पाठ लावून उभा राहिला होता. ‘मार,’ म्हणाला. शालिकरामनं सगळं अंग घालून मारलं, आणि खांब वाजला. नुसता वाजला नाही, टिनांवरची धूळ खाली आली. डोमाचे पाय होते तिथेच होते. त्याचं डोकं फक्त एवढंसं सरकलं होतं, देवळातली घंटा लागू नये म्हणून माणूस सरकवतो तेवढं. ‘मार,’ तो पुन्हा म्हणाला. त्या दिवशी शालिकरामच्या बोटांची सालं निघाली, आणि रात्री जेवताना घास धरता येईना तेव्हा त्याला रडू येण्याऐवजी हसू येत होतं. असं काहीतरी जगात आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. मारता येणं म्हणजे ताकद, एवढंच तो समजत आला होता. हा माणूस त्याच्याइतकाच अवजड होता, मानेला दोन घड्या पडत होत्या, आणि तरी त्याच्या अंगात कुठेतरी असं काहीतरी जागं होतं की जे ठोसा निघण्याच्या आधीच निघून जात होतं.

डोमा ते शिकला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, फौजेबरोबर मिसरच्या वाळवंटात गेला होता तेव्हा. गावी धानाची शेती, भाऊ पुष्कळ, हा भरती झाला. तिथल्या कुठल्याशा सार्जंटनं त्याचा देह पाहून हातात ग्लोव्हज चढवले. बाकीच्यांना मारायला शिकवलं, आणि याला पहिले काही महिने मारूच दिलं नाही. ‘मले म्हणे, मार खाणारा मरते, मारणारा थकते, तू तिसरा हो,’ डोमा सांगायचा. एवढंच सांगायचा. बाकी सगळं त्याच्या अंगात होतं आणि अंगातूनच पाहावं लागायचं. शालिकरामनं ते पाहिलं होतं, वर्षानुवर्षं, रोज शेडमध्ये त्याच्यासमोर सराव करताना, फार जवळून, ज्याला ते भेदायचं असतं तोच जसं पाहील तसं. डोमा घाबरून मागे कधी सरत नसे. तो डोळे मिटत नसे. ठोसा नाकासमोरून जाताना त्याच्या पापण्या उघड्या असत आणि त्या उघड्या डोळ्यांत राग नसे, चढेलपणा नसे, असलंच तर कौतुक असे, कुणी चांगला अभंग म्हणावा आणि ऐकणाऱ्यानं मान डोलवावी तसं. हुलकावणी दिली तर तो फसत नसे. खोट्या ठोशाला तो उत्तरच देत नसे, जणू खोटं त्याला ऐकूच येत नाही. आणि थकून, चिडून तुम्ही उघडे पडलात की त्याचा उजवा हात हळूच येऊन बरगडीखाली टेकायचा. इथे जागा आहे, एवढं कळवायला आल्यासारखा.

आणि आता त्या दोन उघड्या डोळ्यांतला एक नुसताच उघडा होता. शालिकरामच्या मनात ते पुन्हा पुन्हा येत राहिलं. डावा डोळा. म्हणजे माझा उजवा हात. त्याच्या उजव्या हाताला दुसरं काही येत नसलं तरी वजन होतं. या वर्षी नागपूरहून रेल्वेचा साहेब रेफरी म्हणून येणार होता, आणि रेल्वेच्या संघात हेवीवेटची जागा रिकामी आहे, हे क्लब चालवणाऱ्या भैयाजी मुकादमांनी त्याला चारदा ऐकवलं होतं. संघात घेतलं की वर्कशॉपात नोकरी. वर्कशॉप म्हणजे जमिनीच्या वर. शालिकरामनं कुणाला सांगितलं नव्हतं, पण खाणीत उतरताना त्याची जीभ टाळ्याला चिकटे. अंधाराचं त्याला काही नव्हतं. डोक्यावरचं छत मधूनच कुरकुरे, भरल्या पोटानं कुणी कूस बदलावी तसं, आणि त्या आवाजानं त्याच्या एवढ्या मोठ्या देहातली सगळी हाडं पातळ होत. नदीकाठच्या माणसाला डोक्यावर आभाळ लागतं. डोमा त्याच खाणीत छताला लाकडी टेकू लावायचं काम करी. काठीनं छत ठोकून बघे, कान देई, आणि म्हणे, ‘इथी बस, तिथी नको.’ लोक बसत. भैयाजी म्हणाले होते, ‘हे पाह्य शालिक, साहेब काई जिंकलं-हरलं नाई पाहत. पण एक तरी ठोसा लागला पाह्यजे ना बाप्पा त्याले! तू हवेलेच मारून येतं दरवर्षी.’ आता लागणार होता. आता नुसतं उजव्या हातानं, जरा बाहेरून फिरवून. शेडमधल्या वाळूच्या पोत्यावर तो संध्याकाळी तेच मारत राहिला, आणि हळूहळू त्याला वाटायला लागलं की पोत्याला एक गाल आहे, दाढी वाढलेला, आणि तो गाल त्याच्याकडे न पाहता वाट बघतोय. त्यानं हात खाली सोडले. डोमानं काही न पाहता खाल्लेला तो बांबू. त्याहून वाईट दृश्य त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं, खाणीतून मेलेली माणसं वर आणताना पाहिली होती तरी.

डोमा दिवसपाळीला होता तेव्हा तो त्याच्या घरी गेला. वच्छला ओट्यावर तांदूळ पाखडत होती. तिनं सूप न थांबवता त्याला बसायला सांगितलं. शालिकरामला आडवळणानं बोलता येत नसे.

‘वहिनी, डोमाभाऊच्या डोळ्याले काय झालं?’

सूप थांबलं. मग पुन्हा चालू झालं, पण आवाज पहिल्यासारखा नव्हता.

‘कोणत्या?’

‘डाव्या.’

‘कोणी सांगितलं तुमाले?’

‘कोणी नाई. बाजारात बांबू लागला तवा मी तिथीच होतो.’

‘मी मिरची पाहून राह्यली होती,’ ती म्हणाली. आवाजात अपराधीपणा होता, मूल क्षणभर हातून सुटलं असावं तसा. ‘मागच्या उन्हाळ्यात कोळशाची कपची उडाली होती. डोळा लाल झाला, पाणी आलं. मंग बरा झाला. दिसाले बरा झाला, आतून अंधार झाला. मले तर त्याईनं अजून सांगितलं नाई.’

‘तुमालेही नाई?’

‘नाई जी. मी चहाचा कप डावीकडं ठेवला, त्याईचा हात लागून सांडला. मंग आणखी एकदा सांडला. तवापासून मी उजवीकडं ठेवाले लागली. ते काई बोलले नाई, मी काई बोलली नाई.’ तिनं सुपातला खडा वेचून अंगणात फेकला. ‘खाणीत समजलं तर टेकू लावाचं काम देईन का कोणी त्याईले? पण ते त्यासाठी नाई लपवत. त्याईले वाटते, सांगितलं की मी भेईन.’

‘मंग या वर्षी खेळू नका म्हणा ना त्याईले.’

‘नाई म्हणत मी.’

‘काऊन?’

तिनं पाखडलेले तांदूळ सुपाच्या कडेला सारले. मग म्हणाली, ‘ते खाणीत जाते तवा मले भेव लागते. तिथी वरून काय पडन, कवा पडन, त्या दगडाच्या मनात काय आहे ते कोणाले समजते? रिंगणात नाई लागत भेव. तिथी मारणारा माणूस असते. माणसाचं त्याईले समजते.’

‘पण मले समजलं ना आता वहिनी, कुठून माराचं ते.’ शालिकरामनं आपल्या उजव्या मुठीकडे पाहिलं. ‘आन् दुसऱ्या डोळ्याले काई झालं तर?’

वच्छलानं सूप खाली ठेवलं. तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं. त्या पाहण्यात विनवणी नव्हती, आणि त्यानं तर विनवणीसाठीच मनातल्या मनात जागा करून ठेवली होती. ती हात जोडील, आपण हो म्हणू, आणि मग न जिंकण्यातही एक मोठेपणा येईल, असं काहीतरी. ‘तुमी कुठूनही मारा,’ ती म्हणाली. ‘फक्त कीव करू नका. डोळा गेला ते त्याईनं सोसलं. कीव नाई सोसणार. आन् तुमच्या मनात ती आली की तुमच्या पहिले त्याईले समजन.’ मग ती आत गेली आणि गुळाचा चहा घेऊन आली. तो पिताना शालिकराम मान वर करू शकला नाही.

सव्वीस जानेवारीला दुपारी उन्हात रिंग उभी होती. रुळांखालच्या स्लीपरांवर फळ्या ठोकलेल्या, वर ताणलेली ताडपत्री, कोपऱ्यांत बांबू आणि त्यांना काथ्याचे दोर. झेंडावंदनाच्या पताका अजून फडफडत होत्या. तेलुगू मजूर एका अंगाला बसून आधीपासूनच ‘कोट्टु! कोट्टु!’ ओरडत होते, म्हणजे मार, मार. डॉक्टरनं दोघांच्या छातीला नळी लावली, नाडी पाहिली, पाठीवर थाप मारली. डोळ्यांत कुणी पाहिलं नाही. रेल्वेचा साहेब उंच, पिकल्या केसांचा, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडलेला, त्यानं दोघांना मध्ये बोलावलं. डोमा अगदी समोर होता. त्याचे दोन्ही डोळे शालिकरामवर होते, दोन्ही सारखेच काळे, सारखेच शांत, आणि त्यातला कोणता मेलेला आहे हे ठाऊक असूनही शालिकरामला ते पटेना. वच्छला बायकांत बसली असणार. त्यानं तिकडे पाहायचं टाळलं. घंटा झाली, आणि पहिला सबंध राउंड त्याचा उजवा हात त्याच्या छातीशी चिकटून राहिला. तो ठरवून चिकटला नव्हता. तो सोडायला गेला की बांबूचं ते टोक मध्ये येई. तो डाव्या हातानं मारत होता, पुन्हा डाव्या हातानंच, आणि डोमा मान काढून घेत होता, दरवर्षीसारखाच, लोक हसत होते, दरवर्षीसारखेच. एकदा दोघं अंगाला अंग भिडून अडकले. डोमाची दाढी त्याच्या खांद्याला टोचली, आणि कानाशी आवाज आला, दम न लागलेला, घरात बोलावं तसा. ‘उजवा हात घरी ठेवून आला का?’ शालिकरामनं अंग सोडवू पाहिलं. ‘बाजारात पाह्यलं ना तू. मले माहीत आहे. पान हातात घेऊन उभा होता.’ म्हणजे त्यानं त्या गर्दीतही, उरल्या डोळ्यानं, त्याला पाहिलं होतं. साहेब दोघांना सोडवायला येत होता. ‘त्या बाजूनं ये. पूरा ये. नाईतर आजपासून माझ्याशी बोलू नको.’ आणि तो दूर झाला. हे बोलताना तो चिडलेला होता. इतक्या वर्षांत शालिकरामनं त्याला चिडलेला पहिल्यांदा ऐकलं.

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून पाणी तोंडावर घेताना त्याच्या आतलं काहीतरी सुटलं. आजवर आपल्याला त्याला वाचवायचं आहे की हरवायचं आहे, या दोन बाजूंनी मन ओढत होतं. एकदम त्याच्या ध्यानात आलं की दोन्हीत आपण डोमाच्या वर उभे आहोत, आणि डोमाच्या वर उभं राहायला आपल्याला कुणी सांगितलंय? घंटा झाली. तो गेला आणि उजवा हात सोडला. अर्धवट नाही, वळणावरून, मांडीपासून, सगळ्या वजनासकट, थेट त्या आंधळ्या बाजूला. ठोसा डोमाच्या वर उचललेल्या डाव्या खांद्यावरून घसरून आभाळात गेला. त्यानं पुन्हा मारला, खालून. डोमा तेवढाच वळला आणि ठोसा त्याच्या पाठीमागून गेला. पुन्हा. पुन्हा. लोक उभे राहिले होते. आणि मारता मारताच, घामानं डोळे चुरचुरत असतानाच, शालिकरामला ते दिसायला लागलं. डोमाचा डावा हात. पूर्वी तो छातीशी असे. आता तो पुढे होता, सैल, आणि त्याच्या ग्लोव्हचं टोक शालिकरामच्या उजव्या दंडाला सारखं लागत होतं, खोडी काढल्यासारखं, हलकं. खोडी नव्हती ती. दंडातला स्नायू ताणायला लागला की ते डोमाला तिथेच कळत होतं, ठोसा अजून ठोसा झालेला नसताना. आणि तो पाय ताडपत्रीवरून उचलत नव्हता, घासत नेत होता, म्हणजे खालच्या फळ्यांमधून शालिकरामचा पाय कुठे दाबला गेला ते त्याच्या तळव्याला कळत असणार. आणि तो श्वास ऐकत होता. मारण्याआधी आपण नाकातून श्वास ओढतो हे शालिकरामला स्वतःला आजवर माहीत नव्हतं, ते त्याला डोमाच्या चेहऱ्यावर दिसलं. तो पाहणाऱ्याचा चेहरा नव्हताच. तो खाणीत काठीनं छत ठोकून कान देणाऱ्याचा चेहरा होता. उन्हाळ्यात डोळा गेला, आणि आता जानेवारी. एवढ्या दिवसांत या माणसानं कुणाला न सांगता, जुनं घर पाडून त्याच जागी नवं बांधावं तशी आपली सगळी विद्या मुळापासून नवी उभारली होती. कुठे केली असेल ही मेहनत? कुणाबरोबर? शालिकरामचे डोळे भरून आले आणि त्याच क्षणी त्यानं आणखी एक सणसणीत ठोसा मारला, कारण आता न मारणं म्हणजे त्या घराच्या दारातून आत न जाता परत फिरणं झालं असतं.

शेवटच्या राउंडला त्याला काय करायचं ते ठाऊक होतं. डोमाचा तो डावा हात बाजूला सारायचा. दंडावरचा तो स्पर्श तुटला की डोमाच्या डाव्या अंगाला नुसता अंधार. तो विचार मनात आला तेव्हा त्यानं स्वतःला चाचपून पाहिलं. कीव नव्हती. नोकरी आठवली नाही, छताची कुरकूर आठवली नाही. त्याला त्या माणसाला लागायचं होतं, एवढंच, जगातली सगळ्यांत अवघड जागा तीच होती म्हणून. त्यानं डाव्या हातानं डोमाचा पुढचा हात खाली झटकला, दाबून धरला, आणि त्याच दमात उजवा सोडला, श्वास न ओढता. क्षणभर, अगदी क्षणभर, त्याला डोमाचा चेहरा दिसला. तिथे काहीही नव्हतं. वाट पुसली गेलेला माणूस उभा राहतो तसा तो चेहरा होता. आणि मग, कुठलाही माणूस मागे जाईल तिथे, डोमा पुढे आला. सरळ ठोशाच्या आत. कुठून येतंय ते कळत नाही तर जिथून सगळे ठोसे निघतात तिथेच जाऊन उभं राहावं, म्हणून की काय, तो शालिकरामच्या छातीवर कपाळ टेकून उभा राहिला. शालिकरामचा हात त्याच्या मानेमागून रिकामा फिरून गेला. आणि बरगडीखाली, नेहमीच्या जागी, काहीतरी आलं. या वेळी ते नुसतं टेकायला आलं नव्हतं. शालिकरामचा श्वास गेला, एक गुडघा ताडपत्रीवर टेकला, ऊन पांढरं झालं. तो उठला. साहेबानं त्याचे ग्लोव्हज पुसले. तो पुन्हा गेला, पुन्हा मारलं, पुन्हा हुकलं, आणि घंटा झाली तेव्हा दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून कसेबसे उभे होते आणि तेलुगू मजूर कुणाच्या बाजूनं ओरडायचं ते विसरून नुसतेच ओरडत होते.

साहेबानं डोमाचा हात वर केला. मग खाली उतरल्यावर टॉवेल खांद्यावर टाकून तो दोघांपाशी आला. भैयाजी मागे होतेच. साहेब डोमाला हिंदीत म्हणाला, ‘ऐसा डिफेन्स मैंने बीस साल में नहीं देखा. नागपूर आएगा? हमारा लडका लोग को सिखाएगा?’

डोमा ग्लोव्हची गाठ दातानं सोडत होता. ती त्यानं आधी सोडवली. ‘नाई साहेब. डॉक्टर पास नाई करेगा. मेरा बायां आंख गया है.’

साहेब हसला. कुणी हसेल तसंच हसला. मग डोमा हसत नाही हे पाहून त्यानं सावकाश हात उचलला आणि डोमाच्या डाव्या कानशिलापाशी बोटं हलवली. डोमा समोर बघत राहिला. साहेबाचा हात खाली आला तेव्हा त्याच्या तोंडावर हसू उरलं नव्हतं. भैयाजी म्हणाले, ‘अरे डोमा, काय बोलून राह्यला तू? खाणीत समजलं म्हणजे...’

‘समजू द्या भैयाजी. तुमच्यासमोर बोललो ना आता,’ डोमा म्हणाला. मग त्यानं शालिकरामच्या मानेवर ओला, जड हात ठेवला. ‘साहेब, इसको मालूम था. पहिले राउंड में इसने दया किया, वो मेरे को अच्छा नाई लगा. बाद में नाई किया. पूरा आया, आंख वाला आदमी समझ के आया. इसको ले जाओ.’

शालिकरामला काय वाटलं ते त्याला पुढेही कधी नीट लावता आलं नाही. त्यात शरम होती, पण ती बाजारातल्या त्या थंड आनंदाची होती आणि तो आनंद आता फार लांबच्या, दुसऱ्या कुणा माणसाचा वाटत होता. साहेबानं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘मारता बहुत है,’ तो म्हणाला, ‘लगता कुछ नहीं.’ आणि त्याचं नाव विचारलं. बायकांच्या घोळक्यातून वच्छला आली होती. तिनं सगळं ऐकलं असावं, कारण ती नवऱ्याला मोठ्यानं, चारचौघांत म्हणाली, ‘मले सांगाले काय झालं होतं?’ आणि डोमा, ज्याला एवढ्या दुपारी काहीच लागलं नव्हतं, खाली मान घालून म्हणाला, ‘तुले माहीत होतं ना पण.’ ‘माहीत असलं म्हणून का सांगू नये?’ ती म्हणाली आणि पदरानं त्याचा घाम पुसायला लागली, इतक्या जोरानं की लोकांना हसू आलं.

टेकू लावायचं काम गेलं. डोमाला वर, दिव्यांच्या खोलीत घेतलं. उतरणाऱ्या माणसाला दिवा द्यायचा, वर आला की परत घ्यायचा. वच्छलाला बरं वाटलं. डोमाला किती बरं वाटलं ते त्यानं सांगितलं नाही. नागपूरला निघताना शालिकराम त्या खोलीशी गेला तेव्हा तो काच पुसत होता. ‘कसं केलं हो भाऊ तुमी?’ त्यानं शेवटी विचारलं. ‘कोणासंग मेहनत केली?’ डोमानं काच उजेडाकडे धरली. ‘तुह्यासंगच तर करून राह्यलो होतो रोज शेडमंदी,’ तो म्हणाला. ‘तुले समजलं नाई, आन् मले तेच पाह्यजे होतं.’ मग जास्तच बोलून गेल्यासारखं करून म्हणाला, ‘जा. गाडी निघून जाईन.’

नागपुरात, अजनीला रेल्वेच्या मैदानावर त्याची पहिली लढत पावसाळ्याच्या तोंडाशी झाली. समोर भुसावळचा एक फायरमन होता, इंजिनात कोळसा टाकणारा, तरणाबांड, त्याच्याहून वेगवान. सुरुवातीलाच त्यानं शालिकरामचा ओठ फोडला. दुसऱ्या राउंडमध्ये कधीतरी शालिकरामचा डावा हात आपणहून पुढे गेला आणि त्या पोराच्या दंडाला लागून राहिला. तो ठोसा त्यानं पाहिला नाही. नंतर किती आठवून पाहिलं तरी तो पाहिल्याचं त्याला आठवलं नाही. कानाजवळून वारा गेला, लोकांनी ‘हाय’ केलं, आणि त्याचं डोकं होतं त्या जागी फायरमनचा हात होता, लांबवर ताणलेला, रिकामा. पायाखाली ताडपत्री होती, आणि त्याला कुणी हलवलं होतं हे त्याला कळत नव्हतं. मग त्यानं समोरच्या पोराचा चेहरा पाहिला. तोंड थोडं उघडं, भुवया वर, मोठ्या विश्वासानं पाऊल टाकावं आणि तिथे पायरीच नसावी तसा. हा चेहरा आपण कधी पाहिला नाही, शालिकरामला वाटलं, आणि मग उमगलं की पाहणार कसा? इतकी वर्षं तो माझ्याच तोंडावर होता. डोमाला तो रोज दिसत असणार, दोन्ही डोळ्यांनी, मग एका डोळ्यानं. असं पाहताना डोमाच्या डोळ्यांत जे असायचं, ते आता त्याच्या आत कुठूनतरी वर आलं. चिडून पोरगं पुन्हा सावरलं, खांदा मागे घेतला. शालिकरामला त्याच्याबद्दल अतोनात प्रेम वाटलं.

‘ये,’ तो हळूच म्हणाला. ‘पूरा ये.’